तुझ्या पोटाला हात लावायच्या आधी

पत्र खाली देतेय, थोडं कापून, कारण मूळ पत्र बरंच मोठं होतं आणि त्यातल्या दोन-चार गोष्टींवरून गावात कुणीतरी नक्की ओळखलं असतं.

"माई, माझं वय ३३. सोलापूर जिल्ह्यात एका गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. पहिलं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा. मुलगा वर्षाचा झाल्यावर कॅम्पमधे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं, बिनटाक्याचं. पाच वर्षांपूर्वी मिस्टर गाडीच्या अपघातात गेले. दीड वर्षापूर्वी भावाने पुढाकार घेऊन दुसरं लग्न लावून दिलं. हे चाळीसचे आहेत, स्वभावाने चांगले आहेत, पोरांना जीव लावतात. (त्यांच्या पहिल्या लग्नात सहा वर्षं मूल झालं नव्हतं पण ती बाईच नीट नव्हती असं घरचे म्हणतात.) माझं ऑपरेशन झालंय हे लग्नाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. आता सासूबाई रोज म्हणतात आमच्या रक्ताचं एक तरी पाहिजे, नस परत जोडून घे, त्यांच्या माहेरी कुणाची तरी जोडली आणि पोरगा झाला. ह्यांना विचारलं तर म्हणतात तुझी इच्छा, आणि बाहेर निघून जातात. परवा मुलीने विचारलं, आई बाळ आलं की आम्ही मामाकडे राहायचं का. मला काही सुचत नाही. जोडून होतं का खरंच? करू का?"

अगं पोरी, अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकलीयेस. सहा वर्षं मूल नाही. आणि त्याचं निदान केलं कुणी तर घरच्यांनी, ओसरीवर बसून. कुणा डॉक्टरने बघितलं होतं का, कुठला रिपोर्ट आहे का, याचा तुझ्या पत्रात एक शब्द नाही आणि मला वाटतं तुलाही तो कुणी सांगितलेला नाही. तुझं तसं नाही. तुला दोन वर्षांच्या अंतराने दोन मुलं झालीत, म्हणजे तुझ्याकडचं सगळं व्यवस्थित चालू होतं, नस आपणच मुद्दाम बंद केलीये. त्यांच्याकडचं चालू आहे का बंद हे आजच्या तारखेला कुणालाच माहीत नाही, आणि पोट कुणाचं उघडायचं चाललंय, तर तुझं.

त्यांना दोष देत नाहीये मी, हे नीट वाच. त्या पहिल्या बाईतही असेल काही, दोघांतही असेल, कधीकधी दोघांतही काही नसतं आणि तरी होत नाही. पण माहीत नाही ना. म्हणून तुझ्या 'करू का' ला माझं आत्ताचं उत्तर असं, की अजून नाही, आधी त्यांची वीर्य तपासणी. काही शे रुपयांचं काम आहे. टाका नाही, सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, लॅबने दिलेल्या डबीत सॅम्पल पूर्ण द्यायचं, अर्धवट नाही, आणि घरून नेणार असाल तर तासाच्या आत पोचवायचं, म्हणून लॅबमधेच दिलेलं बरं. रिपोर्टमधे एका मिलीलिटरमधे किती कोटी शुक्राणू हे बघतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ १.६ कोटीची आहे, त्याच्या खाली आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण मग काही आठवड्यांनी परत एकदा करून बघतात कारण ताप येऊन गेला असला तरी आकडा पडतो. आणि हो, तालुक्याच्या लॅबमधे जाऊ नका, तिथला कंपाउंडर कुणाचा तरी आतेभाऊ निघतोच, संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. सरळ सोलापूरला जा.

यावर मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. मी अठ्ठावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. एक बाई होती, तुझ्यासारखीच, दुसरं लग्न, आधीची एक मुलगी, ऑपरेशन झालेलं. सासरच्यांनी म्हैस विकली, पुण्याला नेऊन नस जोडून आणली. तीन-चार इंचाची चीर, पंधरा दिवस कुबड काढून चालायची. मग दर महिन्याला पाळी आली की सासू दार आपटायची. दीड वर्ष हे चाललं. शेवटी आमच्या मॅडमनी नवऱ्याला जवळजवळ दरडावून तपासणीला पाठवला, तो रिपोर्ट मीच फोडला होता, काउंटच्या पुढे एकच शब्द टाइप केलेला, निल, म्हणजे शून्य. ती बाई तो कागद हातात घेऊन बाकड्यावर बसून होती, रडली वगैरे नाही, मला म्हणाली सिस्टर आता म्हशीचं काय. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आजही आलं नसतं.

आता हे त्यांना सांगायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न असणार, कारण तू विचारलंस की ते उठून बाहेर जातात. तुझी इच्छा म्हणून बाहेर निघून जाणारा माणूस बऱ्याचदा घाबरलेला असतो. सहा वर्षं त्या घरात 'तीच नीट नव्हती' हे बोललं गेलं त्यात त्यांचं नाव झाकून राहिलं, आणि ते झाकण आता तुझ्या हाताने उघडलं जाणार याची कुठेतरी धाकधूक असेल. असेल म्हणतेय, मला माहीत नाही. पण तू 'तुमच्यात दोष आहे का बघू' असं म्हणूच नको. असं म्हण, "डॉक्टर माझ्या ऑपरेशनला हात लावायच्या आधी दोघांचे रिपोर्ट मागतात, माझं रक्त आणि तुमचं सॅम्पल, एकाच दिवशी देऊन येऊ." यात खोटं काही नाही, कुठलाही धड डॉक्टर हेच मागतो, आणि जो नवऱ्याचा रिपोर्ट न बघता नस जोडायची तारीख देतो त्याच्याकडे परत जायचं नाही. तुझंही रक्त खरंच दे, एएमएच म्हणून टेस्ट असते, बीजं किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो, ती पाळीच्या कुठल्याही दिवशी चालते. दोघं जोडीने गेलात की त्यांनाही एकट्याला उभं केल्यासारखं वाटणार नाही. आणि ही गोष्ट सासूबाईंसमोर काढू नको. ही तुमच्या खोलीतली गोष्ट आहे.

बरं, आता तू विचारलंस ते. जोडून होतं का? होतं. डॉक्टर लोक त्याला रिकॅनलायझेशन म्हणतात, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं दिसेल. नवीन किंवा चोरून करायचं असं काही नाही त्यात, २००४ च्या डिसेंबरमधे त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी आयांची मुलं वाहून गेली आणि त्यांची ऑपरेशनं झालेली होती, तेव्हा तिथल्या सरकारने हीच शस्त्रक्रिया फुकट करून द्यायची सोय केली होती. पण 'होतं' म्हणजे सगळ्यांचं होतं असं नाही, आणि तुझं होईल का हे सासूबाईंच्या माहेरच्या बाईवरून ठरत नाही, तुझ्या नळीचं, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिचं, त्या दिवशी नेमकं काय केलं त्यावरून ठरतं.

म्हणून दुसरं काम, तो कागद शोध. ऑपरेशननंतर एक प्रमाणपत्र देतात, बहुतेक जणी ते मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात, नाहीतर सासरी पत्र्याच्या पेटीत. तुझं पहिल्या सासरी राहिलं असेल तर मागायला जीवावर येईल, मला कळतं, मग ज्या दवाखान्यात कॅम्प झाला तिथे जा, तारीख साधारण सांग, आशाताईला बरोबर घे, नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडणं हे त्या क्लार्कच्या मूडवर असतं पण सापडतं. त्यात पद्धत लिहिलेली असते.

कागद नाहीच मिळाला तर आरशासमोर उभी राहा. बेंबीच्या खाली अर्ध्या-पाऊण इंचाची बारीकशी खूण असेल आणि बाकी पोटावर काही नसेल तर ते दुर्बिणीचं, ज्याला आपण बिनटाक्याचं म्हणतो (टाका एखादा असतोच, असो). खाली ओटीपोटावर आडवी दीड-दोन इंचाची असेल तर ते टाक्याचं, त्यात नळीचा वेटोळा बांधून मधला तुकडा कापून टाकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधे बहुतेक वेळा कापत नाहीत, नळी मधे चिमटीत धरून वर ओढतात, तिची घडी पडते, आणि त्या घडीवर मुगाच्या दाण्याएवढी सिलिकॉनची रिंग चढवतात, वेणीच्या टोकाला रबर लावतो ना तसं. घडीतला भाग हळूहळू सुकून जातो, दोन-तीन सेंटीमीटर. अख्खी नळी दहा-अकरा सेंटीमीटरची, त्यामुळे रिंगवालीकडे जोडायला बऱ्यापैकी नळी उरते. तुझं वर्णन रिंगचंच वाटतंय, आणि जोडायच्या दृष्टीने ती चांगली बाजू आहे. ज्यांच्या नळीचं टोकाकडचं झालरीसारखं तोंडच कापलंय त्यांचं मात्र जवळपास अशक्य असतं.

जोडताना तो सुकलेला भाग काढून दोन्ही टोकं समोरासमोर आणतात आणि केसापेक्षा बारीक धाग्याने शिवतात, सूक्ष्मदर्शकाखाली, कारण आतली पोकळी मिलीमीटरभर पण नसते काही ठिकाणी. दोन्हीकडच्या नळ्या करायच्या म्हटलं की दोन-तीन तास जातात. पोट उघडून करतात किंवा दुर्बिणीतूनही करतात, दुर्बिणीतून करणारा हात जास्त तयार लागतो. जोडून झाल्यावर दोन्हीकडे निदान चार सेंटीमीटर नळी राहिली पाहिजे, त्याच्या खाली गेलं की फारसा उपयोग नाही. चांगले डॉक्टर आधी दुर्बीण घालून बघतात आणि जोडण्यासारखं नसेल तर तिथेच थांबतात, तसं करणार का हे आधी विचार आणि तसं लिहून दे.

आता आकडे, कारण तुझ्या सासूबाईंच्या हिशोबात एक जोडली की एक पोरगा झाला असं आहे. पस्तिशीच्या आतली बाई, रिंगचं ऑपरेशन, नळी पुरेशी, नवऱ्याचा रिपोर्ट बरा आणि सर्जनचा हात त्यात बसलेला, एवढं सगळं जुळून आलं तर दहातल्या साधारण सहा-सात जणींना पुढच्या दोनेक वर्षांत दिवस जातात. चाळिशीकडे हेच निम्म्याच्या खाली येतं. म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, दोन-तीन महिने रिपोर्ट आणि कागद गोळा करण्यात गेले तर काही बिघडत नाही, पण तीन-चार वर्षं हो-नाही हो-नाही करत काढलीस तर मग ठरवायला फारसं उरणार नाही. आणि पोरगा का पोरगी हे कुठलाही डॉक्टर ठरवून देऊ शकत नाही, तपासून सांगणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सासूबाईंना कुणीतरी सांगा.

एक धोका मात्र डोळे उघडे ठेवून समजून घे. नळी जोडली की तिच्यात सांध्याच्या जागी खडबड राहते, गर्भ पिशवीपर्यंत न पोचता नळीतच अडकू शकतो. एरवी शंभर गरोदरपणांत एक-दोनदा असं होतं, जोडलेल्या नळीत शंभरात दोनपासून दहापर्यंत जातं. नळीत वाढलेला गर्भ वाचवता येत नाही, आणि नळी फुटली तर पोटात रक्त साचून बाईचाच जीव जातो. म्हणून जोडल्यानंतर पाळी चार दिवस जरी चुकली तरी घरी युरिन टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी, गर्भ पिशवीत आहे ना हे बघायला. एका बाजूला ओटीपोटात कळा, थोडं डाग लागणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काही झालं तर गॅस झाला असेल म्हणून ओवा खात बसायचं नाही, रात्री दोन वाजता असलं तरी गाडी काढायची आणि जिथे रक्त मिळतं अशा मोठ्या दवाखान्यात जायचं. तुमच्या गावापासून ते किती लांब आहे, गाडी कुणाची मिळेल, हे आधी बघून ठेवायची गोष्ट आहे.

कुणी सांगेल नस जोडली की कंबरदुखी जाते, पाळी सुधारते, वजन उतरतं. खोटं. कुणी काढा देईल, नळी उघडणारा. रिंग लावलेली नळी काढ्याने उघडत नाही बाई.

दुसरा मार्ग टेस्ट ट्यूब बेबीचा, आयव्हीएफ. त्यात नळी लागतच नाही, बीज बाहेर काढून फळवून थेट पिशवीत ठेवतात. तुझ्या वयाला एका खेपेला साधारण तीनात एक असं धर, आणि एक खेप लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, वर इंजेक्शनं. २०२१ च्या कायद्याने ही सेंटर नोंदणी केलेली असावी लागतात, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं नसेल तर उठून यायचं. आता बघ, हे सगळं त्या एका रिपोर्टवर कसं अडकलंय. त्यांचा रिपोर्ट चांगला आला तर मी तुला आयव्हीएफपेक्षा नस जोडणं बरं म्हणेन, कारण एकदा जोडली की दर महिन्याला एक संधी, परत परत पैसे नाहीत. रिपोर्ट कमजोर आला तर नस जोडण्यात अर्थ नाही, कारण जोडलेल्या नळीतून शुक्राणूंना आपल्या पायांनी जायला लागतं, तिथे आयव्हीएफ, एकेक शुक्राणू बीजात टोचायची पद्धत. आणि शून्य आला तरी काही पुरुषांत अंडकोषातून सुईने काढता येतात, काहींत नाही येत, मग दाता वगैरे, आणि तिथे आमच्या रक्ताचं हा विषयच वेगळा होतो, तो त्यांनी आणि त्यांच्या आईने बसून बोलायचा, तू नाही.

सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधे आधी जाऊन विचार, बाहेरच्यापेक्षा खर्च खूपच कमी लागेल, तिथे सध्या करणारे असतील तर उत्तम, नसतील तर पुण्याला ससूनमधे. कुठेही गेलीस तरी डॉक्टरना तोंडावर विचार, गेल्या वर्षभरात किती जोडल्या आणि त्यातल्या किती जणींना मूल झालं. नळी उघडी झाली किती हे नाही विचारायचं, मूल झालं किती. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

आणि आता ते, ज्याचा तुमच्या घरात कुणी हिशोबच केलेला नाही असं मला दिसतंय. तुझी नोकरी. आपल्या राज्यात अंगणवाडीच्या पदांना लहान कुटुंबाची अट आहे, दोनपेक्षा जास्त हयात मुलं नकोत. तुझी दोन आहेतच. तिसरं झालं की ते तुझ्या नावावर तिसरं, मग बाप वेगळा असो. तिसऱ्या मुलावरून अंगणवाडी सेविकांना काढल्याची प्रकरणं हायकोर्टापर्यंत गेलीत. तू उद्या सेविकेच्या जागेसाठी अर्ज करणार असशील तर तिथे प्रतिज्ञापत्रच मागतात. सरकारी नोकरीलाही तसंच, २८ मार्च २००६ नंतर झालेल्या तिसऱ्या मुलावर नेमणूक अडते, आणि ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल चालत नाही. दुसऱ्या लग्नात कुणाची मुलं कुणाच्या खात्यात मोजायची यावर वकील लोक भांडत असतात, तुझ्या बाबतीत मात्र तिन्ही तुझ्याच पोटची, त्यात वाद नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन, किंवा ओळखीच्या पर्यवेक्षिका असतील त्यांना विचारून, सध्याचा नियम लेखी बघून घे. तुझा पगार काय मोठा नाही, मला माहितीये, पण त्या पगारातून मुलीच्या वह्या येतात आणि त्यासाठी तुला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. दुसऱ्या लग्नातल्या बाईला ते किती लागतं हे तुला मी सांगायला नको. ही नोकरी गेली तर पुढे काय, हा प्रश्न सासूबाईंना नाही, ह्यांना विचार.

मला एक गोष्ट इथे कबूल करायचीये, विषयाला थोडी सोडून आहे. कॅम्पचे ते दिवस, फेब्रुवारी-मार्च, टार्गेट पूर्ण करायची घाई. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, बायका ओळीने बसलेल्या, उपाशी, कुणाच्या मांडीवर तान्हं. फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही शस्त्रक्रिया कायमची आहे, परत जोडायची तर मोठं ऑपरेशन लागतं आणि यशाची खात्री नाही. ते वाचून दाखवायचं काम माझं. मी वाचायची, एसटी कंडक्टर स्टॉपची नावं घेतो ना तसं. समोरची बाई अंगठ्याची शाई पदराला पुसत असायची तोवर मी पुढच्या फॉर्मवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं हे ऑपरेशन झालेलं दिसतं, आणि पुरुषांचं शंभरात एकही भरत नाही, खरं तर त्यांचं दहा-पंधरा मिनिटांचं काम. चोविसाव्या वर्षी तुला कुणी बसवून सांगितलं असतं की बाई गं, उद्याचं कुणी पाहिलंय, तांबी बसव पाच-दहा वर्षांची, तर आज हे पत्र तू लिहिलं नसतंस. तुझ्यासारख्या पोरी विचारतात तेव्हा मला ती व्हरांड्यातली ओळ दिसते म्हणून एवढं लांबण लावलं.

मुलीचं. बारा वर्षांच्या पोरीने मामाकडे राहायचं का असं विचारलं म्हणजे घरात कुणीतरी तिच्यासमोर काहीतरी बोललंय, किंवा तिने भिंतीपलीकडून ऐकलंय. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती, एक घर तिने सोडलंय, आता दुसरंही सुटणार असं तिला वाटतंय. तिला बाळ हवं का नको हे विचारायचं नाही, ते ओझं तिच्यावर टाकू नको. पण आजच रात्री, सगळं ठरायची वाट न बघता, तिला जवळ घेऊन सांग की बाळ येवो न येवो तू आणि दादा माझ्यापाशीच. आणि हे तुझ्या नवऱ्याने तिच्यासमोर म्हटलं तर फार बरं होईल. पोरांना जीव लावतात म्हणालीस ना, मग त्यांना एवढं सांगायला जड जाऊ नये. ते सांगायला जर कां-कूं करायला लागले तर मात्र तुला ऑपरेशनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा विचार करावा लागेल, आणि तेही मला लिही.

(मुलगा लहान आहे ना, मी वर दादा लिहिलंय, असू दे, घरात त्याला तसंच म्हणत असतील.)

सासूबाईंबद्दल फार लिहीत नाही. त्यांना नातवंड हवंय यात चूक काही नाही, पण त्यांची सही कुठल्याच फॉर्मवर लागत नाही. तुझी लागते. तुला स्वतःला परत ते नऊ महिने, ते रात्रीचं उठणं, तेहतीस-चौतीसला परत पहिल्यापासून, हे हवंय का, हे तुझ्या पत्रावरून मला खरंच कळलं नाही. काही ओळींत हवंसं वाटलं, काही ओळींत तू फक्त दमलेली वाटलीस. कदाचित तुलाही नक्की माहीत नसेल, चालतं तसं, रिपोर्ट येईपर्यंत ठरवायलाच पाहिजे असं काही नाही. आणि रिपोर्ट उत्तम आला, नळी उत्तम निघाली, पर्यवेक्षिकेने काही अडचण नाही म्हणून सांगितलं, आणि तरी तुला नको वाटलं, तर नको म्हणायचं. त्यांनी तुझं ऑपरेशन झालंय हे माहीत असूनच लग्न केलंय, हे त्यांना एकदा शांतपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

सोलापूरला जायचं तर आधी लॅबला फोन कर, बऱ्याच ठिकाणी हे सॅम्पल सकाळीच घेतात आणि रविवारी घेत नाहीत. सकाळची पहिली एसटी धरा. रिपोर्ट आला की त्यातले आकडे मला लिहून पाठव, नाव खोडून पाठव, आणि प्रमाणपत्र सापडलं तर त्याच्यावर पद्धत काय लिहिलीये तेही.